बारावरचा रावजी

लग्नानंतर आमच्या ह्यांनी मला पहिला सिनेमा दाखवला तो काही माझी हौस भागवावी म्हणून नव्हे. त्यांना मला एक गोष्ट सांगायची होती आणि ती तोंडाने सांगायची छाती नव्हती, म्हणून त्यांनी तीन तासांचा, आठ गाण्यांचा, रंगीत सिनेमा मध्ये घातला. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण पुढची गोष्ट कळायला हवी म्हणून एकदा लिहून टाकते. ह्यांचं नाव रावजी.

साल एक्याऐंशी, मे महिना. माझं माहेर रत्नागिरीत, झाडगावला. मांडवपरतणीला आम्ही तिकडे आलो होतो. दुसऱ्याच दिवशी दुपारी हे म्हणाले, ‘‘चल, पिक्चर बघूया.’’ आई खूश, मी खूश. मुंबईचा जावई, हॉटेलात नोकरी, बायकोला पिक्चरला नेतो, म्हणजे आळीत नाव झालंच.

सिनेमाचं नाव होतं ‘प्याला और प्रतिज्ञा’. खेड्यातला एक गरीब पोरगा शहरात येतो आणि एका मोठ्या हॉटेलात दारू ओतायच्या कामाला लागतो. मी दारूला शिवणार नाही, अशी त्याने आंधळ्या आईच्या गळ्याची शपथ घेतलेली. तिथे एक श्रीमंत मुलगी रोज येऊन दुःखाने पीत बसते. हा तिला एकेक प्याला भरून देतो आणि प्रत्येक प्याल्याबरोबर दारू किती वाईट यावर भाषणही देतो. हॉटेलचा मालक चोरटं सोनं आणणारा. पुढचं तुम्हीच जुळवा, फारसं चुकणार नाही.

मी पहिल्या गाण्यापासून जी रडायला लागले ती मध्यंतरापर्यंत. दिवे लागले तेव्हा पदराचा एक कोपरा पिळून काढण्यासारखा झाला होता. हे दोन पुड्या शेंगदाणे घेऊन आले, एक माझ्या हातात ठेवली आणि समोरच्या पांढऱ्या पडद्याकडे बघत म्हणाले, ‘‘तो जे करतो ना, तेच मी करतो.’’

मी ह्यांच्याकडे नीट वळून बघितलं. तोवर त्या हिरोने तीन गाणी म्हटली होती, एका मुलीला समुद्रातून बाहेर काढलं होतं आणि मालकाच्या पाच माणसांना एकट्याने लोळवलं होतं. ह्यांच्या छातीचा घेर मला आठ दिवसांत कळला होता.

‘‘ह्यातलं नक्की काय?’’ मी विचारलं.

‘‘ते बाटलीचं,’’ हे म्हणाले.

वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू. पण तासभर परक्या माणसासाठी इतकं रडून झालं होतं की आपल्या माणसासाठी डोळ्यांत पाणी शिल्लक नव्हतं. शिवाय हिरो चांगला होता. मी शेंगदाणे सोलत विचारलं, ‘‘तुम्ही पिता?’’ तर म्हणाले, ‘‘एकदा प्यालो. पहिल्या वर्षी. दोन दिवस ओकत होतो.’’ ते ज्या शरमेने म्हणाले त्यावरून ते खरं असणार हे मला कळलं. मग मी विचारलं, ‘‘घरी ठाऊक आहे?’’

इथे ह्यांच्या घशात शेंगदाणा अडकला.

आता आमच्या घरचं सांगते. सासर संगमेश्वरापासून आत सात मैल, डोंगराच्या कुशीत. सासरे महिपत, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. आबांची ठासणीची एक बंदूक आहे, पिकाच्या राखणीसाठी सरकारी लायसनवर घेतलेली. रानडुक्कर भातात शिरलं की आजूबाजूच्या चार वाड्या आबांना हाक मारतात. आणि आबांचा दुसरा लौकिक म्हणजे दारूचं वैर. त्यांचा धाकटा भाऊ दादू दारूपायी गेला. तेव्हापासून पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी कुणी हातभट्टी लावली की आबा एकटे जायचे आणि बंदुकीच्या दस्त्याने मडकी फोडून यायचे. कुणी अडवलं नाही. बंदूक हातात असलेल्या माणसाला कोण अडवणार?

ह्यांना हॉटेलात दोन वर्षं झाल्यावर बढती मिळाली. तोवर टेबलं पुसत होते, आता काउंटरच्या आत उभे राहू लागले. मोठ्या आनंदाने त्यांनी घरी पत्र टाकलं: ‘आपल्या आशीर्वादाने मी आता बारवर असतो. पगार वाढला.’ पत्र वाचून दाखवलं पोस्टमनने. आमच्याकडे बार म्हणजे बंदुकीचा बार. बार भरतात, बार काढतात, नेम चुकला तर बार फुकट गेला म्हणतात. दुसरा कुठला बार असतो हे सात मैल आत तेव्हा कुणाला ठाऊक असणार? आबांनी पत्र दोनदा वाचून घेतलं. एवढं मोठं हॉटेल, तिथे येणारी पैसेवाली माणसं, म्हणजे दारात बंदूकवाला हवाच. आणि साहेबाने शेकडो नोकरांतून निवडला कुणाला, तर महिपतच्या पोराला. रक्तात असतं ते.

पुढच्या शिमग्याला हे गावी आले तेव्हा आबांनी सगळ्या गावाला सांगून टाकलं होतं. देवळात ह्यांना मानकऱ्यांच्या शेजारी बसवलं. एक म्हातारा ह्यांना डुक्कर पळता असताना नेम कुठे धरायचा ते विचारायला आला. ह्यांनी ठरवलं, उद्या आबांना खरं सांगू. तो उद्या मी लग्न होऊन आले तरी उजाडला नव्हता. फटाक्याच्या माळेला दचकणारा माणूस हा!

तुम्ही म्हणाल, गावातली इतकी पोरं मुंबईला, त्यांनी कसं नाही फोडलं? लालबागला आमच्या गावकीची खोली आहे, तिथे वीस जण राहतात. त्या खोलीचा एकच नियम: खोलीतलं खोलीत. कारण गावात ज्याची जी नोकरी म्हणून सांगितली जाते ती त्याचीच असते असं नाही. केरू बँकेत आहे, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तो बँकेतच असतो, पण दाराबाहेर, पानविडीचं खोकं मांडून. झाकली मूठ सव्वा लाखाची. अशा वीस मुठी एका खोलीत नांदत होत्या.

सिनेमा संपल्यावर बाहेर पडताना मी सुजल्या डोळ्यांनी विचारलं, ‘‘तो बाटली उडवून पाठीमागे झेलतो, तसं तुम्ही करता?’’

‘‘फुटली तर पगारातून कापतात,’’ हे म्हणाले. ‘‘ते सगळं खोटं गं. ग्लास पुसतो ना सारखा, तेवढं खरं.’’

आणि मी शपथ घेतली, म्हणजे मीही प्रतिज्ञाच केली म्हणा, की आबांना मी सांगणार नाही. सांगितलंही नाही. त्याहून वाईट केलं.

सात वर्षं गेली. अठ्ठ्याऐंशीत आबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पुरता उतरला, डाव्याने नुसते आकार दिसत, माणूस आवाजावरूनच ओळखू येऊ लागला. लायसन मुलाच्या नावावर करायचं त्यांनी ठरवलं, नाहीतर त्यांच्यामागे बंदूक सरकारजमा झाली असती. रत्नागिरीच्या कचेरीतून ते फॉर्म घेऊन आले. घरात अकरावीपर्यंत शिकलेली मी, तेव्हा लिहायला मी बसले. नाव, वय, गाव भरून झालं. मग आला रकाना: व्यवसाय.

‘‘लिव,’’ आबा म्हणाले, ‘‘बारावर असतो.’’

आता बघा माझी हुशारी. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘मुंबई येथे बारवर नोकरी’. आबांना वाचून दाखवलं, आबा खूश. सरकारला कळवलं तेही खरं. साप मेला आणि काठीही मोडली नाही. रात्री अंथरुणावर पडून मी तोंडात पदर कोंबून हसले होते.

कागद घेऊन आबा पावसाळ्यात तीनदा कचेरीत गेले. एसटीने जायचं, यायचं, पूर्ण दिवस. काम काही होईना, पण प्रत्येक वेळी आबा फुलून यायचे. ‘‘कारकुनान खुर्ची दिलान मला बसायला,’’ ते सांगायचे. ‘‘चा मागवलान. आनि कागद वाचून दुसऱ्या टेबलावरच्यांना हाक मारलान, म्हनाला, ह्या आजोबांचा मुलगा बारावर असतो बरा का! सगळी उठून आली. परत परत इचारत व्हती, कुठं असतो म्हनालात? आज तर चौघांनी इचारलान.’’ मी भाकरी थापत ‘‘हो का?’’ म्हणायची आणि चुलीकडे तोंड वळवायची.

मग गणपती आले आणि हे रजा घेऊन घरी आले. विसर्जनानंतर रत्नागिरीला जाऊन सही करायची, की काम झालं, असं आबांनी सांगून ठेवलं होतं. ह्यांनी मान हलवली.

त्या वर्षी गावच्या मंडळाने पहिल्यांदाच व्हिडिओ आणला. केरूने पुढाकार घेतला, बँकेतला माणूस ना! रत्नागिरीहून व्हिडिओवाला अस्लम टीव्ही आणि कॅसेट लावायचा डबा जीपमध्ये घालून, वर ताडपत्री टाकून घेऊन आला. शाळेच्या खोलीत खिडक्यांना घोंगड्या लावून भरदुपारी अंधार केला. पहिल्या बाकावर आबा, हातात काठी. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मधल्या वाटेत पोरं. अस्लमने देवाची कॅसेट आणली होती. ती लावली, शंख वाजला, देव प्रकट झाले, आणि डब्यातून करकर आवाज येऊन देव तिथेच वेडेवाकडे झाले.

‘‘टेप चावली, केरूभाव,’’ अस्लम म्हणाला. ‘‘पावसाची हवा हाय. दुसरी लावतो. जुनी हाय, पन आयाबाया लय रडतात.’’

पडद्यावर नाव आलं, ‘प्याला और प्रतिज्ञा’, आणि मी पुरुषांच्या बाजूला बघितलं. ह्यांची पाचावर धारण बसली होती. हे उठून अस्लमच्या कानाशी लागले. अस्लम मोठ्याने म्हणाला, ‘‘दादा, तिसरी कॅसेट कुस्तीची हाय, ती बायका बघतील काय?’’ बायकांनी एकमुखाने नाही म्हटलं. हे खाली बसले.

सात वर्षांत मी शहाणी झाले होते, सिनेमा होता तिथेच होता. एकदा रडून बघितलेला सिनेमा कुणी दुसऱ्यांदा बघू नये, किंवा बघावाच. हिरो पहिल्या प्रसंगात एक ग्लास पुसायला घेतो, तो मध्यंतर झालं तरी पुसतोच आहे. लाल दारू ओतली, मुलीने ओठाला लावली तेव्हा ती पिवळी, आणि रडून खाली ठेवली तर ग्लास काठोकाठ भरलेला. एवढं मोठं हॉटेल, पण पैसे द्यायला एक गिऱ्हाईक उठत नाही. एका गाण्यात तर हिरो बाटलीचं बूच न काढताच दारू ओततो आणि ती पडतेही! ज्याला माहिती आहे त्याला हे बघणं किती कठीण असतं ते मला तिथे कळलं. हे भीतीने अर्धमेले झाले होते, तरी त्या बुचाला ह्यांच्या तोंडून ‘‘च्!’’ निघालंच.

आणि तरीही ती आंधळी आई चाचपडत हॉटेलात आली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलंच. त्याला इलाज नाही. वाईट सिनेमालाही कुठे मारायचं ते ठाऊक असतं.

हिरो आईला म्हणाला, ‘‘माँ, मैं बार पे काम करता हूँ, मगर मैंने कभी पी नहीं!’’

आबांनी काठी आपटली. ‘‘बार म्हनाला काय तो?’’

 मुंबईची वीस पोरं एकदम आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघायला लागली.

‘‘बारावर हाय म्हनतो, मंग बंदूक कुठं हाय?’’ आबांनी विचारलं. फळीवरच्या बाटल्या आबांना दिसत असतील तरी तेलाच्या वाटल्या असाव्यात.

केरू घाईने म्हणाला, ‘‘येल आबा. बंदूक शेवटाला येल.’’

माणसाने खोटं बोलावं, पण सिनेमाचा शेवट आठवून बोलावं. बंदूक शेवटी खरंच येते. आंधळ्या आईला खांबाला बांधलेलं असतं, ती मुलगी किंचाळत असते, हिरो काउंटरच्या मागे दडलेला, आणि दारात मालक उभा राहतो, दुनळी खांद्याला लावून. पहिला बार काढतो, वरच्या फळीवरच्या सगळ्या बाटल्या फुटतात. दुसरा काढतो, खालच्या फुटतात.

दारातली बंदूक आबांना अंधुक दिसली असावी, आणि दारूची भांडी फुटल्याचा आवाज तर त्यांच्या ओळखीचा. त्यांनी मांडीवर थाप मारली. ‘‘आला! बारवाला आला! बगा, कसा हुबा ऱ्हायलाय दारात! फोड, सगळी फोड! बगा रे, आमचा रावजी असाच असतो थय मुंबईत!’’

मालकाने त्याच वेळी आंधळ्या आईला ढकलून दिलं.

‘‘शाब्बास!’’ आबा म्हणाले. त्यांना ते दिसलं नव्हतं.

पोरं खिदळायला लागली. मागून कुणीतरी बाईही फिसकन हसली. मग मुंबईच्या पोरांतलाच एक जण हसला, आणि ते हसू खोलीभर पसरलं. आबा वळून सगळ्यांकडे बघत हसत होते, कारण त्यांना वाटलं सगळ्यांना आनंद झालाय.

आणि आमचे हे उठले. आयुष्यात कधी वेळेवर न उठलेला माणूस, टीव्हीच्या पुढे जाऊन उभा राहिला. दुनळीवाला मालक ह्यांच्या पाठीआड झाकला गेला.

‘‘आबा, तो मी नव्हं,’’ हे म्हणाले. ‘‘तो मालक हाय, चोरटा. मी तो दुसरा.’’

‘‘कुठला दुसरा?’’

‘‘बाटल्यांच्या मागं बसलाय तो. मुंबईत बार म्हंजे दारूचं दुकान, आबा. मी तिथं दारू वततो. नऊ वर्सं झाली. बंदूक मी कदी हातात धरली नाय.’’

अस्लमने घाबरून कुठलं तरी बटण दाबलं. चित्र थरथरत तिथेच उभं राहिलं.  आबा शेजाऱ्याला म्हणाले, ‘‘माजी छत्री कुठं हाय?’’ छत्री दिली. हे पुढे झाले तर आबांनी काठी आडवी धरली आणि ते एकटेच पावसात बाहेर पडले. त्यांच्यामागून हे.  मग एक म्हातारी म्हणाली, ‘‘पुडं काय व्हतं त्या आईचं? लाव रे!’’ आणि अस्लमने लावलं. गाव ते गाव.

गौरी जेवल्या, गेल्या, आबा ह्यांच्याशी बोलले नाहीत. रागावलेही नाहीत, तेच वाईट. जेवायला हाक मारली की येत, हे शेजारी बसले की बाजूला सरकून जागा देत, आणि गप्प. बंदूक खुंटीवर होती, तिला रोज तेल लावायचे तेही थांबलं. हे मला म्हणाले, ‘‘दोन मुस्कटात मारल्या असत्या तरी चाललं असतं गं.’’ 

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आबा पडवीत बसले होते. मी चहा नेऊन ठेवला. त्यांनी कप उचलला, तोंडाला लावला नाही.

‘‘कचेरीत मला चा कशापायी पाजीत व्हते गो?’’ त्यांनी विचारलं.

मी बशीत सांडलेला चहा पदराने पुसू लागले.

‘‘खुर्ची द्यायचे. परत परत इचारायचे. मी परत परत सांगायचो. हसायचे ते माझ्यावर काय?’’

‘‘हो, आबा.’’

‘‘तू लिवलीस त्या कागदावर. तुला ठावा व्हता?’’

‘‘हो.’’

मला माझीच लाज वाटली. त्या एका शब्दावर मी स्वतःला हुशार समजत होते आणि सत्तरीचा माणूस तीनदा एसटीने धक्के खात जाऊन त्या कारकुनांपुढे तोच शब्द अभिमानाने म्हणून दाखवत होता. चूल काय, पदर काय, मी कुठे कुठे हसले होते ते सगळं मला एकदम आठवलं. मी आबांच्या पायाशी बसून रडले. ते रडणं सिनेमातल्यासारखं नव्हतं, त्यात नाकसुद्धा वाहतं.

आबा म्हणाले, ‘‘गप. त्याला बोलाव.’’

हे आले. उभेच राहिले.

‘‘पितोस?’’

‘‘नाय, आबा. एकदा प्यालो. वकलो.’’

‘‘दादूसारखी मानसं येतात तुझ्याकडं?’’

ह्यांना खोटं बोलता आलं असतं. मला वाटलं आता बोलतील. ‘‘येतात,’’ हे म्हणाले. ‘‘रोज एक तरी येतो. ग्लास धरायच्या पद्धतीवरून वळखतो मी. त्याला बर्फ जास्ती घालतो, दारू कमी. कदी बाटली संपली म्हनून सांगतो. टॅक्सीत घालून देतो. तरी तो दुसऱ्या दिवशी येतोच, नायतर दुसरीकडं जातो.’’

‘‘जातो,’’ आबा म्हणाले. ‘‘मी हिकडची मडकी फोडली की दादू पल्याडच्या वाडीत जायचा.’’

 चहा गार झाला होता. आबांनी तो तसाच पिऊन टाकला आणि विचारलं, ‘‘तुझी रजा कदी संपते?’’

‘‘सोमवारी.’’

‘‘मंग शुक्रवारी जाऊया कचेरीत. ’’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘दमयंती, तूपन चल. कागद परत लिवायचा हाय.’’

शुक्रवारी आम्ही तिघं पहाटेच्या गाडीने निघालो. वाटभर आबा ह्यांच्या शेजारी बसून हळू आवाजात हॉटेलाबद्दल काहीबाही विचारत होते. कचेरीत शिरताच त्या कारकुनाचा चेहरा उजळला. तिशीचा असेल, तेल लावून भांग पाडलेला. ‘‘या या, आजोबा!’’ म्हणाला आणि पलीकडच्या टेबलाकडे भुवई उडवली. पलीकडचे दोघं खुर्च्या सरकवून वळले. ‘‘आणि हे मुलगा वाटतं? बारावर असतात ते?’’

आबांनी दिलेली खुर्ची घेतली नाही. ‘‘नवा कागद दे,’’ म्हणाले.

त्याने दिला. मी टेबलाच्या कडेला उभी राहून नाव, वय, गाव भरलं. व्यवसायाच्या रकान्यापाशी आले आणि माझा हात थांबला. मी हळूच म्हटलं, ‘‘आबा, हॉटेल कर्मचारी लिहू?’’

‘‘दारू वततो, असा लिव.’’

‘‘आबा...’’

‘‘लिव. मोठ्या अक्षरात लिव.’’

मी लिहिलं: दारू ओततो. ह्यांचे कान लाल झाले होते, पण मान खाली नव्हती. कारकुनाने कागद उलटा होता तसाच वाचला आणि गोंधळला. थट्टा त्याच्या हातातून निसटली होती. जरा वेगळ्या आवाजात म्हणाला, ‘‘अहो आजोबा, हे कशाला? सात-बाऱ्यावर नाव आहे ना ह्यांचं? मग ‘शेती’ लिहायचं. राखणीच्या बंदुकीला सगळे शेतीच लिहितात. मुलगा मुंबईत काय करतो ते तुम्हाला विचारलंय कोणी?’’

मी डोळे मिटून घेतले. शेती! दोन अक्षरं. पावसाळ्याच्या तोंडाशी लिहिली असती तर ह्यातलं काहीच झालं नसतं.

‘‘लिव शेती,’’ आबा म्हणाले. ‘‘त्याच्याखाली हे ऱ्हाऊंदे. मला ठावा नव्हता तवा मी चार गावांत सांगत हिंडलो, हितं तीनदा येऊन सांगून गेलो. तुमी सगळे आयकायला उठून आलाव. आता मला ठावा झालाय, तर आता गप बसू काय?’’

पलीकडच्या दोघांनी खुर्च्या हळूच परत वळवल्या. कारकून उठून उभा राहिला, का ते त्यालाही कळलं नसावं. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने ह्यांना विचारलं, ‘‘कुठल्या हॉटेलात असता आपण?’’

ह्यांनी तोंड उघडायच्या आत आबांनी हॉटेलाचं नाव सांगितलं. कुठल्या स्टेशनला उतरायचं ते सांगितलं, आणि पूल उतरल्यावर डाव्या हाताला तिसरी इमारत, तेही सांगितलं. आबा जन्मात कधी मुंबईला गेले नव्हते.